आठ महिने, एक १५०-६०० लेन्स: हिप्परगा, उजनी आणि ठाण्याची खाडी

दसऱ्याला दूरचे पक्षी टिपायची १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली, आता ज्येष्ठ सरत आला. मधल्या काळात पन्नासेक पहाटा तिच्यासोबत पाण्याकाठी गेल्या. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या लेन्स बऱ्याचशा सारख्याच वागतात. घेताना माझी जी समजूत होती तीही बहुतेकांची असते: ६०० मिमी हातात आलं की तलावाच्या मधोमध बसलेले पट्टकादंब हंस टिपता येतील. तसं होत नाही.

हिप्परगा म्हणजे सोलापूरजवळचा, तुळजापूर रस्त्यावरचा, १८७१ साली बांधलेला एकरुख तलाव. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं उतरतात. वारकरी तर थव्याथव्यांनी. काळं अंग आणि कपाळी पांढरा टिळा. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या महिन्यात माझे निम्मे फोटो पिठाळ आले. लेन्समध्येच खोट आहे असं वाटून गच्चीवरच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं आणि दहा मीटरवरून टिपून पाहिलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ! मग कळलं, दोष मधल्या हवेचा होता. ऊन चढलं की तापलेल्या काठावरची आणि पाण्यावरची गार हवा एकमेकींत मिसळून लहरत राहते. दोनशे मीटरवरचा पक्षी त्या सगळ्या लहरींतून आपल्यापर्यंत येतो, आणि लेन्स जितकी मोठी तितकी लहरही मोठी दिसते. डिसेंबरात मला साधारण नऊपर्यंत चांगला वेळ मिळाला. फेब्रुवारीअखेर आठ वाजताच हवा हलायला लागायची. त्यानंतर चाळीस मीटरच्या आतला पक्षी असेल तरच मी कॅमेरा उचलतो, नाहीतर दुर्बीण काढून निवांत बघत बसतो.

दुसरी सुधारणा फुकटात झाली. उभं राहून काढलेले फोटो वरून बघितल्यासारखे सपाट येत होते. आईने जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवून दिली, तीत ज्वारी भरली आणि काठावर पालथं पडून लेन्स तिच्यावर टेकवली. शेकाट्याच्या गुलाबी पायांमागचं पाणी धूसर झालं आणि फोटोला एकदम खोली आली. माणूस आडवा झाला की पक्षीही लवकर निर्धास्त होतात. कंठेरी चिखल्या तर एकदा इतका जवळ आला की लेन्सला फोकसच करता येईना. तिला पावणेतीन मीटर तरी अंतर लागतं. ज्वारीला दोन महिन्यांत किडे लागतात एवढं ध्यानात ठेवा.

जानेवारीत ऐरोलीला जाऊन ठाण्याच्या खाडीत बोटीतून रोहित (फ्लेमिंगो) पाहिले. तिथे सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी दूरवर पांगून चरतात. भरतीचं पाणी चढू लागलं की उरलेल्या चिखलावर ते दाटीने गोळा होतात. आमच्या उजनी धरणाला ही ओहोटी वर्षातून एकदाच, पण महिनोन् महिने चालणारी! कालव्यांची आवर्तनं सुटतात, भीमेचं फुगलेलं पाणी मागे सरतं आणि गाळाचे पट्टे वर येतात. म्हणून मी उजनीकाठच्या कुंभारगावला मार्चमध्ये गेलो, आणि रोहित काठापासून चालत जाण्याच्या अंतरावर चरताना मिळाले. सोलापुराहून दीडशे किलोमीटर जायचं तर आधी पाण्याची पातळी विचारून घ्या.

बोटीत ट्रायपॉड नेऊ नका, इंजिनाचा सगळा कंप लेन्समध्ये उतरतो. मोटर बंद करायला सांगा आणि कॅमेरा हातातच धरा. आमच्या नावाड्याला म्हटलं, "मामा, थवा उडवू नका, बसलेलेच बघायचेत." ते खूश झाले. म्हणाले, बहुतेक जण उडवायलाच सांगतात. उडणाऱ्या थव्याच्या एका फोटोसाठी शेकडो पक्ष्यांचं चरणं मोडायचं, हे मला सहन होत नाही.

आता तक्रारी. लेन्सचं तोंड खाली करून चाललं की झूमची नळी आपोआप बाहेर घसरते. लॉक लावायची सवय करा. आतबाहेर होणारी ही नळी आपल्या काळ्या रानातली धूळही ओढून घेते, म्हणून वाऱ्याच्या दिवशी मी झूम एकाच जागी ठेवतो. ६०० वर छिद्र एफ ६.३ म्हणजे लहान असल्याने उजाडताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या खाली येत नाही. पाणकणसात बसलेला पक्षी असेल तर फोकस पुढच्या पात्यावरच अडकतो. एप्रिलमध्ये फोकसचं बटण ढिलं झालं. सोलापुरात दुरुस्ती नव्हती, पुण्याला पाठवली आणि तेवीस दिवस थांबलो. दोन किलोचं वजन मात्र आठवड्याभरात अंगवळणी पडलं. खाडीवरून आल्यावर खारट हवेमुळे बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घेतली. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात राहील.

घ्यावी का? घ्या. पण माझं समाधान वेगळ्याच ठिकाणी झालं. मे महिन्यात हिप्परग्याच्या काठावर टिटवीची चार अंडी होती. घरटं कसलं, मुरमातला नुसता खळगा. आम्ही भावाची गाडी पस्तीस मीटरवर उभी केली आणि मी खिडकीच्या काचेवर पिशवी ठेवून बसलो. टिटवी पाण्यात उतरायची, पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन त्या ओल्या पोटाने तापलेली अंडी गार करायची. दुपारपर्यंत तिच्या अशा सहा फेऱ्या झाल्या. हवा थरथरत होती, त्यामुळे एकही फोटो धड आला नाही. पण तिने एकदाही आमच्याकडे बघून आरडाओरडा केला नाही. पुढच्या रविवारी पहाटेच गेलो, तर खळगा रिकामा होता आणि काठावरच्या चिखलात तीन पिल्लं पळत होती.