पाच मिनिटांत 38 हजार, दोन तासांत तेवीसशे: होटगी रोडच्या मिस्त्रींचा अनुभव

माझी गाडी 2014 ची, पेट्रोल, तीन सिलिंडरची. रोज सोलापूर-अक्कलकोट आणि परत, 92 हजार किलोमीटर झालेले. मे महिन्यात सिग्नलला थांबली की स्टिअरिंग थरथरायला लागलं, चढाला उचक्या, मागून कच्च्या पेट्रोलचा वास. एसी वेटिंग रूमवाल्या एका ठिकाणी दाखवली. स्कॅनरवर पी0420 हा बिघाडाचा कोड निघाला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) गेला, 38 हजार. जुना परत मिळेल का विचारलं, तर उत्तर गोलगोल. त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या काकांचा सल्ला होता, आतली जाळी फोडून पोकळ करून घे. मग दरवेळी पीयूसीला काय सांगू?

शेवटी होटगी रोडच्या आतल्या गल्लीतलं हे गॅरेज. बोर्ड नाही, पत्र्याची शेड, बसायला एक टायर. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "मॅडम, इंजिनचा दिवा नुसता पेटलेला होता का लुकलुकत होता?" लुकलुकत होता. आधीच्या ठिकाणी हे कुणी विचारलंच नव्हतं. "मग मिसिंग करलालीय की ओ. कॅटचं मागनं बघू."

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. त्यांच्या स्कॅनरवर पी0302 पण निघाला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. त्यांनी दोनची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड पुसले, गाडी चालू केली. थोड्या वेळानं पी0303! कॉइलबरोबर दुखणंही शेजारी राहायला गेलं होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं जाऊन कॅटमध्ये पेटतं, आणि त्या उष्णतेनं आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. त्यांच्या भाषेत, "कॅट मार खालालाय, मारणारा दुसराच हाय."

एक कॉइल, तीन प्लग, मजुरीसकट 2,300. इंजिन जागेवर शांत झालं.

मग कॅट बघितला. कॅटच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर (असाच एक मागेही असतो) काढून त्या भोकात प्रेशर गेज लावलं. 2500 आरपीएमला काटा 1 पीएसआयच्या आसपास. 3 च्या वर गेला असता तर आत तुंबलंय समजायचं. रबरी हातोडीनं ठोकून खुळखुळ ऐकली, नव्हती. सेन्सर परत बसवून आलेखही दाखवला: पुढच्या सेन्सरची रेघ सतत वरखाली नाचायला हवी, आणि कॅट ठीक असेल तर मागच्याची जवळजवळ सरळ. माझी मागची रेघ अजून थोडी नाचत होती. ते त्यांनी लपवलं नाही. "कॅट म्हातारा झालाय. अजून चालेल, किती ते मी सांगत नाही. पाचशे किलोमीटर फिरवून परत आणा."

आणली. रेघ बरीच बसली होती, पी0420 परत आलेला नाही.

तक्रारी आहेत. बिल वहीच्या पानावर, फोन उचलत नाहीत, आणि "अर्ध्या तासात" म्हणजे दोन तास, तेही 42 अंशांत पत्र्याखाली. सकाळी दहाच्या आत जा. आणि दिवा लुकलुकत असेल तर चालवत नेऊ नका, टो करून न्या.