पेपरमिंट की कॅमल? आधी पाठ बघा

पेपरमिंट आणि कॅमल या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाळायच्या दोन कोळंब्या. दुकानातल्या पिशवीत दोन्ही लाल रेघांच्याच दिसतात आणि घोळ तिथेच होतो. पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर बारीक लाल रेघा. प्रवाळांत तणासारखं माजणारं आयप्टेशिया, म्हणजे चिवट समुद्रफूल, ती खाते. अर्थात सगळ्याच खात नाहीत. आयता दाणा मिळाला तर ढुंकूनही बघत नाहीत!

कॅमलच्या पाठीला कुबड, डोळे मोठे, लालात पांढऱ्या रेघा-ठिपके, कपाळावरची चोच वर-खाली हलणारी. ही झोअँथिड आणि मश्रूम ही मऊ अंगाची प्रवाळं कुरतडते. प्रवाळांच्या टाकीत मी तरी पेपरमिंटच सोडेन. तीही प्रवाळाच्या तोंडातला घास पळवते म्हणा. पण कात टाकून मऊ पडलेली कोळंबी एलिगन्स प्रवाळाच्या डंखऱ्या शुंडकांत अडकली, तर घास तिचाच होतो.