सेकंडहँड मॅकबुकमध्ये माझे ४७,३०० रुपये कसे गेले

आयफोनचं ॲप बनवायला जुना मॅक शोधत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मशीनचे ४४,५००, 'डेव्हलपर सेटअप'चे १,५०० आणि यूएसबी हबचे १,३००. एकूण ४७,३०० रुपये. त्यातले १५,००० बायकोच्या भिशीचे होते, आणि ते कुठे गेले हे तिला सांगताना मला काय वाटलं ते मी इथे लिहीत बसत नाही.

मी फ्लटरमध्ये, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवायच्या साधनात, काम करतो. अँड्रॉइडचं ॲप माझ्या विंडोज लॅपटॉपवर बनतं, पण आयफोनसाठी एक्सकोड हे ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर लागतं आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. कराडकडच्या एका दूध संकलन केंद्राला दोन्ही फोनांवर चालणारं ॲप हवं होतं. नवा मॅक परवडणारा नव्हता, म्हणून पुण्यात जुन्या लॅपटॉपच्या एका दुकानातून एम१ चिपचा मॅकबुक एअर घेतला. ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज.

स्वस्ताच्या मोहाला भुललो असं कुणी म्हणू नये. भाव बाजारभावाच्या आसपासच होता. बॅटरी किती वेळा चार्ज झालीय ते (सायकल) बघितलं. एकूण एक बटण दाबून बघितलं, पांढऱ्या स्क्रीनवर डाग शोधले, ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे आधीच्या मालकाच्या ॲपल अकाउंटचं कुलूप, नाही याची खात्री केली. दुकानदाराने टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून फ्लटर डॉक्टर, म्हणजे सेटअप बरोबर आहे का ते तपासणारी कमांड, चालवली, प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण आली. मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे मॅकच्या स्क्रीनवरच्या नकली फोनमध्ये, आयफोन उघडला. डेमो ॲपमधलं अधिकचं बटण दाबलं की आकडा वाढत होता. एवढं बघितल्यावर आणखी काय बघायचं असतं गिऱ्हाइकाने?

मशीनवर मात्र मॅकची व्हेंच्युरा ही ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) होती. साल २०२५, आणि ओएस २०२२ ची! मी विचारलंही. तो म्हणाला, "दादा, नवीन ओएस टाकली की ८ जीबीत मशीन जड होतं. तुम्ही डेव्हलपर माणूस, तुम्हाला स्टेबल पाहिजे. अपडेट मारू नका, आणि रीसेट तर अजिबात नको. सगळा सेटअप जाईल, परत पैसे पडतील."

रीसेट नको! विकून मोकळा झालेला माणूस मशीन रीसेट करू नका असं कशाला सांगेल? या वाक्याला मी तिथल्या तिथे उठायला हवं होतं. राहून राहून तेच डोक्यात येतं. पण काम चालू असताना अपडेट टाळा हे आम्ही डेव्हलपरच एकमेकांना सांगतो. त्याने आमचाच सल्ला पुढे केला आणि त्याच्याआड लबाडी झाकली. मशीनवरचं अकाउंटही त्यानेच आधी बनवून ठेवलं होतं. मी म्हटलं, पहिल्यापासून सेटअप करून बघू, तर म्हणे दुकानात वायफायला रेंज नाही.

ॲप तयार झालं. ॲपलची ९९ डॉलरची वार्षिक फी भरली. बिल्ड (ॲपची तयार फाइल) अपलोड करायला गेलो तर नाकारला, कारण २४ एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअरवर किमान एक्सकोड १६ ने बनवलेलंच ॲप लागत होतं आणि त्याला किमान सोनोमा, म्हणजे व्हेंच्युरानंतरची ओएस, हवी होती. माझ्याकडे एक्सकोड १५. मग अपग्रेडशिवाय इलाजच नव्हता. केलं. मशीन सुरू झालं आणि अख्ख्या स्क्रीनवर 'रिमोट मॅनेजमेंट', खाली कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव.

प्रकार बहुतेकांना माहीत असेल. कंपनीने घेतलेल्या मॅकचा सिरियल नंबर ॲपलकडे कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो. कंपनीने तो स्वतः सोडवला नाही, तर डिस्क कितीदाही पुसा, इंटरनेट जोडलं की लॉक परत येतं. असे विक्रेते ही नोंद तपासणारे ॲपलचे सर्व्हर मशीनमधल्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या पत्त्यांशी जोडायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) अडवतात आणि मशीन स्वच्छ म्हणून विकतात. सोनोमापासून ॲपलने हे कडक केलंय. व्हेंच्युरा का ठेवलं होतं ते आता कळलं असेल.

दुकानदाराला फोन केला. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. "लॉक आलं का? आणा, ३,५०० मध्ये काढून देतो." म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! लॉक चुकवायचा असला बायपास कुणीही करून घेऊ नका. तुमची सर्टिफिकेट, क्लायंटचे पासवर्ड सगळं ज्या मशीनवर, ते मशीन कागदोपत्री परक्या कंपनीचं आणि कधीही परत बंद पडणारं.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं की हे त्या कंपनीनेच सोडायला हवं. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "मशीन मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." मी स्क्रीन दाखवली, हे मशीन चोरीचंही असू शकतं म्हणालो, तर उलट मलाच विचारलं, "मग चोरीचा माल घेतला कशाला?" फसला त्यालाच आरोपी करायचं! अर्जावर पोच द्यायलाही टाळाटाळ. सायबरवाले म्हणे हा ऑनलाइन गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणे कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, पण ते तक्रारदाराने वाचून दाखवायचं का? एकानेही दुकानदाराला साधा फोन लावला नाही. तो गाळा आजही चालू आहे, काचेवर तीच मॅकबुकची जाहिरात.

घेणार असाल तर दुकानातच, तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर, मशीन पूर्ण पुसायला लावा आणि सेटअप डोळ्यांसमोर करा. टाळाटाळ केली की उठा. मशीन कुठल्या कंपनीच्या नावावर आहे का हे टर्मिनलमध्ये विचारून येणाऱ्या उत्तरावर विसंबू नका, सर्व्हर अडवलेले असले तर तेही खोटं निघतं. रोख देऊ नका. माझे फक्त ५,००० यूपीआयने गेले, बाकी रोख, आणि सगळीकडे पहिला प्रश्न पुराव्याचाच आला. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'जुना लॅपटॉप' आहे. सिम्युलेटर आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकत्र चालवायचे असतील तर ८ जीबीच्या नादी लागूच नका, १६ घ्या.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुण्यात कुणाला असंच 'अपडेट मारू नका' म्हणून मॅक विकला असेल, तर लाजून गप्प बसू नका. बिल काढा, स्क्रीनचा फोटो घ्या आणि लेखी तक्रार करा. माझ्या एकट्याच्या तक्रारीला पोलिसांनी 'व्यवहारातला वाद' म्हणून बाजूला सारलं, चौघांच्या तक्रारींना तसं म्हणणं त्यांना जड जाईल.