वार्षिक फी माफ करून घेतली: भुसावळातून क्रेडिट कार्ड वापरल्याचा अनुभव

एका खाजगी बँकेचं कार्ड वापरून आता दुसरं वर्ष संपत आलंय. बँकेचं नाव देत नाही, कारण जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने सगळ्याच बँकांना लागू आहे. फी ९९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून ११७८ रुपये ८२ पैसे. पहिलं वर्ष फुकट होतं. दुसऱ्या वर्षापासून अट अशी की वर्षभरात एक लाखाचा खर्च केला तर फी माफ.

एक लाख ऐकायला मोठा आकडा वाटत नाही. पुण्यात राहणारा माझा चुलतभाऊ तो सहा महिन्यांत गाठतो. आमच्याकडे गोष्ट वेगळी. खतं-बियाणं कृषी केंद्रातून येतं, ते उधारीवर, केळीचे पैसे आले की चुकतं. भाजी, दूध, किराणा यूपीआयवर. जळगावच्या सराफ बाजारात कार्ड काढलं की गल्ल्यावरचा माणूस लगेच म्हणतो, "भाऊ, कार्ड चालई, पण दोन टक्के वर लागतीन." दोन टक्के वर देऊन बाराशेची फी वाचवायची, तर साठ हजारांच्या सोन्यातच बाराशे वर जातात. मग उपयोग काय?

उरलं पेट्रोल. रावेर-जळगाव येणं-जाणं असल्यामुळे तो खर्च चांगला होतो, पण माझ्या कार्डावर पेट्रोल त्या एक लाखात धरतच नाहीत. घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे आणि ईएमआयचे व्यवहारही नाहीत. ही यादी कार्डाच्या अटींत बारीक अक्षरात असते आणि प्रत्येक कार्डाची वेगळी असते. आणखी एक, हे वर्ष एप्रिल ते मार्च नसतं, कार्ड मिळालेल्या तारखेपासून मोजतात. आपलं वर्ष कधी संपतं ते कस्टमर केअरला विचारून ठेवावं, ॲपमध्ये सहजासहजी सापडत नाही.

तर वर्ष संपलं, खर्च ऐंशी हजारांच्या आसपास अडकला आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर स्टेटमेंटमध्ये फी आली. फी लागण्याआधी फोन करून उपयोग नसतो. समोरचा म्हणतो, "सर, अजून चार्ज लागलाच नाही, माफ काय करू?" लागल्यावर मात्र उशीर करू नये, त्याच बिलाच्या मुदतीत फोन लावावा.

फोनवर फीची तक्रार हा पर्याय निवडू नका, कार्ड बंद करण्याचा निवडा. तिथे ग्राहक थांबवायला बसवलेली माणसं असतात आणि सूट देण्याचे अधिकार त्यांच्याकडेच असतात. माझ्याशी बोलणाऱ्या बाईंनी आधी रिवॉर्ड पॉइंट देऊ केले. नको म्हटलं, पॉइंटवर आखाजीची पुरणपोळी होत नाही. मग अर्धी फी. तीही नको. मी एवढंच म्हणालो, "मॅडम, बिल कधी थकवलं नाही, खर्च ऐंशी हजारांचा आहे. पूर्ण माफ होत असेल तर ठेवतो, नाहीतर बंद करा." दोन मिनिटं होल्डवर गाणं वाजलं आणि उत्तर आलं, ६० दिवसांत १५,००० खर्च करा, पूर्ण फी परत.

हे मला पटलं, कारण हा खर्च तसाही होणारच होता. गाडीचा विमा, पुण्याहून येणाऱ्या मुलीची रेल्वेची तिकिटं, आखाजीला येणाऱ्या लेकीबाळींचे कपडे. नसत्या गोष्टी घेऊन टार्गेट पुरं करायचं असतं तर मी तिथेच नाही म्हटलं असतं. ऑफर तोंडी घेऊ नका, एसएमएस किंवा ईमेल मागा आणि रिक्वेस्ट नंबर लिहून ठेवा.

मधल्या काळात बिल फीसकट पूर्ण भरलं. माफी येईल म्हणून फीची रक्कम वळती करून भरणं म्हणजे बँकेला व्याज लावायला निमित्त देणं. परत आलेली रक्कम कार्डावर जमा राहते, पुढच्या बिलात वळती होते.

खर्च पुरा झाला, ९९९ परत आले. जीएसटीचे १७९ रुपये ८२ पैसे नाही. "टॅक्स तर सरकारला गेला, सर." हे ऐकून घेऊ नका. फीच परत केली तर तिच्यावरचा टॅक्स बँकेने कशाच्या जोरावर ठेवायचा? ईमेल केला, त्यात तो रिक्वेस्ट नंबर टाकला, नंतर तीही रक्कम आली. आली नसती तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, गेलो असतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.

धुळ्याच्या मेव्हण्याला मात्र साफ नकार मिळाला. त्याचं कार्ड वर्षभर पाकिटातच होतं, बँकेने कशासाठी थांबवावं? त्याने पॉइंट वापरून संपवले, मोबाइल बिलाचं ऑटो-पे दुसरीकडे वळवलं आणि कार्ड बंद करायला सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. हे वाक्य त्याने ईमेलमध्ये घातलं आणि मुदतीच्या आत काम झालं. त्याच्याकडे दुसरं जुनं कार्ड आहे म्हणून बरं. तुमचं एकमेव किंवा सगळ्यात जुनं कार्ड असेल तर सिबिलचा, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या स्कोअरचा, विचार करून मगच बंद करा.

यंदा मी वेगळा मार्ग धरलाय. त्याच बँकेचं रुपे क्रेडिट कार्ड घेऊन यूपीआयला जोडलं. जळगावच्या फुले मार्केटमधल्या दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे कार्डावरून जातात, वर दोन टक्के कोणी मागत नाही. फक्त दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, स्वतःच्या साध्या खात्याचा असेल तर चालत नाही. मेहरूणकडच्या भाजीवाल्याकडे नाही चाललं, किराणावाल्याकडे चाललं. या कार्डाला फी नाही. जुन्याची फी पुढच्या आखाजीला पुन्हा लागेल, आणि तेव्हा अर्धी माफ करतो म्हणाले तर मी ते बंद करणार.