खिवा नसलेली उझबेकिस्तान टूर घ्यावी का?

कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या टूरवाल्यांच्या काचांवर दुबई-थायलंडच्या शेजारी हल्ली उझबेकिस्तानही दिसू लागलंय. निळे घुमट, 'सिल्क रूट' ही अक्षरं आणि खाली 'पाच रात्री, सहा दिवस'. चित्रं खरी असतात, कार्यक्रम मात्र तोकडा. तीन रात्री ताश्कंद, दोन रात्री समरकंद आणि मध्ये एक अख्खा दिवस चिमगानच्या डोंगरात केबल कारसाठी. वाळवंटातली जुनी व्यापारी शहरं बघायला म्हणून आपण पैसे भरतो आणि बुखारा, खिवा या यादीत नसतातच. हे परीक्षण कुणा एका कंपनीचं नाही, नाशिकमधून विकल्या जाणाऱ्या या प्रकारच्या पॅकेजचं आहे. छोट्या पॅकेजला पाचपैकी दोन गुण. सात-आठ रात्रींच्या मोठ्याला चार, पण शहरांचा क्रम उलटा असेल तर त्यातलाही एक कापा.

क्रमाचं एवढं काय, असं वाटेल. बरंच काही आहे. खिवा देशाच्या पश्चिम टोकाला, ताश्कंद पूर्वेला. शहाणा कार्यक्रम असा असतो : ताश्कंदला उतरून देशांतर्गत विमानाने थेट उर्गेंच, तिथून तीसेक किलोमीटरवर खिवा, मग रस्त्याने किंवा रेल्वेने बुखारा, तिथून जलद गाडीने समरकंद आणि शेवटी ताश्कंद. उलट्या क्रमात खिवा शेवटी येतं. उर्गेंचहून परतीची तिकिटं मिळाली नाहीत की सगळ्यात आधी कात्री त्यालाच लागते. दुसरं कारण डोळ्यांचं. खिव्यातल्या बहुतेक इमारती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, अंगाने लहान. समरकंदचा रेगिस्तान चौक आधी पाहिला की खिवा बुटकं वाटतं. लहानाकडून मोठ्याकडे गेलं की तिन्ही शहरांना न्याय मिळतो.

खिव्याचा तटबंदीतला भाग म्हणजे इचन कला. १९९० साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे उझबेकिस्तानातलं पहिलं ठिकाण. भिंती कच्च्या विटांच्या, सुमारे दहा मीटर उंच, घेर दोन किलोमीटरच्या वर. कोटेशनमध्ये हॉटेल भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे नावासकट लिहून घ्या. आत असेल तर संध्याकाळी दिवसभराच्या बसगाड्या निघून गेल्यावर गल्ल्या आपल्याच असतात. त्याची किंमत म्हणजे बस वेशीबाहेर थांबते आणि दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढाव्या लागतात. मोठ्या सुटकेसची छोटी चाकं इथे मान टाकतात. आई-वडील बरोबर असतील तर सामान वाहून न्यायची सोय आहे का, हे आधीच विचारा.

तिकीट पश्चिम दरवाजाला, ओता दरवोझाला मिळतं. एका तिकिटात बरीच ठिकाणं येतात, पण पहलवान महमूदची कबर, इस्लाम खोजा मिनारावर चढणं अशा काही गोष्टींचे पैसे वेगळे पडतात. 'सर्व प्रवेश शुल्कासहित' असं छापलेलं असूनही जागेवर सोम (तिथलं चलन) काढायला लागतात ते याच कारणाने. कल्ता मिनोर हा जाडजूड निळा मिनार अर्धवट राहिला, कारण तो बांधणारा मुहम्मद अमीन खान १८५५ मध्ये लढाईत मारला गेला. गाइड त्याच्यापुढे अर्धा तास उभे करतात. तो वेळ जुमा मशिदीत घालवा. बाहेरून साधी, आत दोनशेच्या वर लाकडी खांब, प्रत्येकाचं कोरीवकाम निराळं. काही खांब त्या मशिदीपेक्षा कितीतरी जुने आहेत, दुसऱ्या जागेवरून आणून बसवलेले. खांब जमिनीला लाकडाने टेकत नाही, खाली दगडी बैठक असते. तिच्या वर खांब आधी निमुळता होतो, मग मडक्यासारखा फुगतो. छताच्या झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात हे कोरीव फुगवटे हात लावून बघण्याइतके जवळ असतात. हात मात्र लावू नका.

खिवा ते बुखारा साधारण साडेचारशे किलोमीटर, किझिलकुम वाळवंटातून. कार्यक्रमात 'सिनिक ड्राइव्ह' लिहिलेलं असलं तरी सात-आठ तासांचा प्रवास धरा. मधला मोठा टप्पा चांगला, दोन्ही टोकांना रस्ता खराब. आपल्या राजस्थानसारखे वाळूचे डोंगर इथे शोधू नका. सपाट जमीन, खुरटी झुडपं आणि मध्येच अमू दर्या नदीचं पाणी. स्वच्छतागृहं मोजकी, त्यातली बरीचशी उकिडवं बसायची. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हा टप्पा रेल्वेने करता येतो का, ते विचारावं. खिव्याला २०१८ पासून स्थानक आहे. बस पहाटे निघणार असेल तर हॉटेलकडून नाश्ता बांधून घ्यायला लावा.

बुखाऱ्यासाठी दोन रात्री हव्यातच. एका रात्रीत उरकणारी कंपनी दुपारी पोचवते, आर्क किल्ल्यासमोर फोटो, लब-ए-हौज या तळ्याकाठी जेवण आणि सकाळी गाडी. जुनं शहर पायी फिरण्याजोगं असल्यामुळे इथे बसची गरज उरत नाही. कल्याण मिनार ११२७ चा, सुमारे ४६ मीटर. त्याच्या पश्चिमेला मशीद, पूर्वेला मीर-ए-अरब मदरसा. म्हणजे मशिदीच्या दर्शनी भागावर सकाळी ऊन आणि मदरशावर संध्याकाळी. फोटोची हौस असेल तर दोन्ही वेळा या. मदरशात आजही विद्यार्थी शिकतात, पर्यटकांना दारापलीकडे फारसं जाऊ देत नाहीत, त्यात गाइडची चूक नसते. समानी घराण्याची कबर मात्र कित्येक टूर दहा मिनिटांत संपवतात. हजारेक वर्षांपूर्वीची ही चौकोनी वास्तू. निळी फरशी नाही, रंग नाही, नक्षी सगळी भाजक्या विटा आडव्या-उभ्या-तिरक्या रचून साधलेली. ऊन कललं की तिचं विणकाम उठून दिसतं. उझबेकिस्तानात एकच इमारत निवडायची झाली तर आमचं मत हिला.

बाजाराचे घुमटही इथलेच. तोकी झरगरोन सोनारांचा, तोकी तेल्पक फुरुशोन टोप्यांचा, तोकी सर्राफोन नाणी बदलणाऱ्यांचा. या शेवटच्या धंद्यात मुलतानकडचे हिंदुस्थानी व्यापारी होते, पण बऱ्याच गाइडच्या बोलण्यात ते येत नाही, विचारावं लागतं. नाशिककराला हा व्यवहार परका नाही. पांडवलेण्यातल्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, व्याजाने ठेवलेल्या ३००० कार्षापण नाण्यांचा हिशेब कोरलेला आहे आणि तो ठेवणारा उषवदात स्वतःला शक म्हणवतो. शक मूळचे मध्य आशियातलेच. आज या घुमटांखाली मुख्यतः स्कार्फ आणि सुझनी भरतकाम आहे. सांगितलेली पहिली किंमत अंतिम नसते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला परवानगी लागते, म्हणून 'अँटिक' म्हणून विकलेला गालिचा कागदाशिवाय घेऊ नका.

बुखाऱ्याहून पुढे अफ्रासियोब. ही स्पॅनिश बनावटीची जलद गाडी, ताशी २५० पर्यंत धावणारी. ताश्कंद-समरकंद अंतर ती सव्वादोन तासांच्या आत कापते. या गाडीची तिकिटं हंगामात पटापट संपतात आणि घोटाळा इथेच होतो. कोटेशनवर 'अफ्रासियोब किंवा तत्सम' लिहिलेलं असेल तर त्या 'तत्सम'चा अर्थ साधी गाडी किंवा बस. 'अफ्रासियोब न मिळाल्यास फरकाची रक्कम परत' असं लिहून मागा. नुसत्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका. बुखाऱ्याचं स्थानक शहरात नसून कागानला आहे, जुन्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. स्थानकात शिरताना सामान तपासतात आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतात. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव हा घोळ नेहमीचा, तेव्हा तिकिटाची प्रत आधी मागवून अक्षर न् अक्षर तपासा.

समरकंदला अर्धा दिवस रेगिस्तानला द्या. तीन मदरसे : पश्चिमेला तैमूरचा नातू उलुगबेग याचा (१४१७-२०), पूर्वेला शेर-दोर (१६१९-३६), उत्तरेला तिल्या-कोरी (१६४६-६०). उलुगबेगवर ऊन सकाळी, शेर-दोरवर दुपारनंतर. तिल्या-कोरीच्या मशिदीत सोनेरी छताखाली मध्यभागी उभं राहून वर बघा. खोल घुमट दिसतो, पण प्रत्यक्षात ते छत सपाट आहे, नक्षी मध्याकडे बारीक होत गेल्याने खोलीचा भास होतो. बाहेरचा निळा घुमट सोव्हिएत काळातला. एकूणच समरकंदचं पुनर्बांधकाम जबरदस्त आहे, काही ठिकाणी जरा जास्तच. जुनेपणाची ओढ असेल तर शाह-ए-झिंदाची कबरींची गल्ली सकाळी लवकर गाठा. वर जायला पायऱ्या आहेत. तैमूरची कबर, गुर-ए-अमीर, लहान आहे, तासाभरात होते.

उलुगबेगची वेधशाळा छोट्या पॅकेजांत हमखास गळते. पंधराव्या शतकातल्या त्या प्रचंड उपकरणाचा जमिनीखालचा कमानदार भाग १९०८ मध्ये सापडला. तिथल्या नोंदींवरून झालेल्या यादीत हजारावर तारे आहेत. जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने आपल्या ग्रह-ताऱ्यांच्या कोष्टकांसाठी आधार घेतला तो याच परंपरेचा. मुलं बरोबर असतील तर खरेदीच्या दोन थांब्यांऐवजी ही मागून घ्या.

आता जेवण, कारण नाशिकच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक शाकाहारी आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकी पलावातले तुकडे बाजूला काढून भात पुढे ठेवतो. तो भात मटणाच्या रश्श्यात आणि दुंब्याच्या (जाड शेपटीच्या मेंढीच्या) चरबीत शिजलेला असतो. सूपचंही तेच. निर्धास्त खाण्याजोगं म्हणजे तंदूरमधला साधा नान (जिझ्झाली नान नको, त्यात चरबीचे तुकडे असतात), टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, अंडी, तळलेले बटाटे, फळं. भोपळ्याचा सोमसा मिळतो, पण सारणात चरबी नाही ना, हे विचारूनच. भारतीय हॉटेलं ताश्कंद-समरकंदला आहेत, खिव्यात त्यांच्या भरवशावर राहू नका. 'महाराज सोबत' अशी जाहिरात असेल तर एकच प्रश्न विचारा : खिवा आणि बुखाऱ्यात तो कुणाच्या किचनमध्ये शिजवणार? उत्तर गुळमुळीत आलं की तिथे पॅकेटचं खाणं समजा आणि चिवड्याचा पुडा जास्त घ्या.

समरकंदच्या सियाब बाजारात बेदाणा बघून आपल्या द्राक्षवाल्यांचे हात आपसूक ढिगात जातात. विक्रेते चव देतात, ती घेऊनच भाव करा. ताजी फळं, बियाणं, रोपं मात्र भारतात आणायच्या फंदात पडू नका.

पैशांचं थोडक्यात : डॉलर न्या, रुपये बदलून मिळायची खात्री नाही. नोटा कोऱ्या हव्यात, पेनची खूण किंवा फाटका कोपरा असला की परत करतात. एका डॉलरला साधारण बारा हजार सोम येतात, त्यामुळे शून्यं मोजायची सवय लागेपर्यंत घाई करू नका. भारतीयांना ई-व्हिसा लागतो. एका प्रवेशाच्या व्हिसाचं सरकारी शुल्क २० डॉलर, त्याच्या वरचे पैसे एजंटचे. प्रत्येक हॉटेलकडून नोंदणीची चिठ्ठी घेऊन जपून ठेवा. ड्रोन नेऊ नका, सरळ बंदी आहे. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेल्या आणि झोपेच्या गोळ्यांबाबत कायदे कडक आहेत, डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या. टूरच्या बिलावर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, लावला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना जमेला धरता येतो. दोन कंपन्यांचे दर ताडताना तो आत धरलाय की बाहेर, हे बघा, नाहीतर महागडी स्वस्त वाटते.

ताश्कंदला शेवटचा एक दिवस पुरतो. १९७७ ची मेट्रो, चोरसू बाजार आणि लालबहादूर शास्त्रींचं स्मारक. १० जानेवारी १९६६ ला भारत-पाकिस्तान करार झाला आणि ११ ला त्यांचं इथेच निधन झालं. हे स्मारक बसच्या खिडकीतून दाखवून पुढे नेतात. पंधरा मिनिटं उतरवा, असं आधीच सांगून ठेवा.

हंगाम एप्रिल-मेचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जून-जुलैत खिवा-बुखारा चाळिशीपार तापतं, डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली उतरतो. शाळेच्या सुट्टीमुळे नाशिकचे ग्रुप मेअखेरीस काढतात आणि तेव्हा दुपारी इचन कलात फिरवलं तर ज्येष्ठांचे हाल होतात. त्यापेक्षा दिवाळीची टूर बरी, फक्त नोव्हेंबरकडे सरकली असेल तर जाड जाकीट लागेल. दिवाळीसाठी ऑगस्टमध्येच पैसे भरून तिकिटांच्या प्रती मागायला सुरुवात करा. सप्टेंबरअखेर उर्गेंचचं विमान हातात नसेल, तर करारात परताव्याची तारीख उलटायच्या आत नाव काढून घ्या.