वॅगनआर १.२ : अकरा महिने, तेरा हजार किलोमीटर आणि सोलापूरचं ऊन

गेल्या पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, गाडी घरी आणली. मारुतीची वॅगनआर, १.२ पेट्रोल, मॅन्युअल, झेडएक्सआय प्लस, पांढरी. आता रीडिंग तेरा हजार चारशेवर आहे. एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि जानेवारीत गड्डा यात्रेची गर्दी, सगळं बघून झालं म्हणून आता लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, नवीन गाडीचा वास जाईपर्यंत कुणालाच तिच्यात काही कमी दिसत नाही.

आम्ही घरात पाच जण. मी, बायको, सातवीतली मुलगी, आई आणि आप्पा. आईचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखतात. माझं मन आधी दुसऱ्याच एका हॅचबॅकवर होतं, दिसायला लई देखणी, बुटकी, आतून एकदम भारी फिनिशिंग. बुकिंगचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी बायको म्हणली की आत्यांना एकदा बसवून बघा, म्हणून आईला घेऊन गेलतो. त्या गाडीत बसताना आईला आधी मान वाकवून डोकं आत घालावं लागलं, मग एक पाय, मग खाली खाली जाऊन सीट सापडली. बसली कशीबशी. उतरताना मात्र मला दोन्ही हात धरून ओढावं लागलं आणि तिच्या तोंडावर जी कळ दिसली ती बघून माझा विषय तिथंच संपला. तिथनं तसंच वॅगनआर बघायला गेलो. आईनं दाराकडं पाठ केली, घरी पलंगावर बसते तशी आधी सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला, पुढच्या सीटची पाठ धरून सरळ झाली आणि म्हणली, "ही बरी हाय." झालं. गाडीची उंची १६७५ मिलिमीटर आहे हे मला नंतर कळलं, पण तो आकडा म्हणजे काय ते आईच्या गुडघ्यानं आधीच सांगितलं होतं. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना सोबत घेतल्याशिवाय शोरूममध्ये जाऊच नका, आणि बसवून बघण्यापेक्षा उतरवून बघा, खरा त्रास उतरताना असतो.

आता उन्हाचं. आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पार्क चौकात दुपारी तासभर गाडी लावली की सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं. मुलीच्या दंडाला एकदा लागलं, तेव्हापासून बक्कलवर नॅपकिन टाकूनच गाडी लॉक करतो, टॉवेल-नॅपकिनला सोलापुरात काय कमी. एसी पुढं चांगला लागतो, पण मागं एसीचे व्हेंट (हवेच्या जाळ्या) नाहीत. ही गोष्ट टेस्ट ड्राइव्हला कळत नाही कारण तेव्हा आपण पुढं बसलेलो असतो आणि गाडी आधीच गार करून ठेवलेली असते. मागं थंडावा पोचायला मे महिन्यात दहा मिनिटं सहज जातात, तोवर नवी पेठेतनं जुळे सोलापूर येतंच. आम्ही आता काय करतो, आधी चारी काचा खाली करून अर्धा-एक किलोमीटर चालवतो, गरम हवा निघून गेली की काचा वर, आतली हवा फिरवायचं बटण दाबायचं आणि मधले दोन व्हेंट वर करून मागं मारायचे. एवढ्यानं लई फरक पडतो. तरी ज्यांचं लेकरू तान्हं आहे त्यांनी मागं व्हेंट असलेली गाडी बघावी असं मी स्पष्ट सांगेन, भले पन्नास हजार जास्त जाऊ देत.

रंग पांढराच घ्या. धूळ दिसते पण गाडी तापते कमी, आणि आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा रोज बादलीभर पाणी गाडीवर ओतायचा प्रश्नच येत नाही. ओल्या फडक्यानं पुसलेली पांढरी गाडी चालून जाते, काळी गाडी तशी पुसली की चरे पडलेले लांबून दिसतात.

गावात चालवायला मात्र हिच्यासारखी गाडी नाही. टर्निंग रेडियस ४.७ मीटर, टिळक चौकाकडं कुठल्याही बोळात वळते, उंच बसल्यामुळं पुढच्या रिक्षाच्या पलीकडचं दिसतं, क्लच हलका. बायको ह्याच गाडीवर शिकली आणि तिसऱ्या महिन्यात एकटी होटगी रोडला माहेरी जाऊन आली.

मायलेज सगळेच विचारतात म्हणून नीट लिहितो. कंपनीचा आकडा लिटरला २३.५६ किलोमीटर आहे. माझी पद्धत साधी, टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी परत ऑटो कटपर्यंत भरून भागाकार करायचा, स्क्रीनवरचा आकडा धरायचा नाही. मे महिन्यात फक्त गावात, एसी कायम चालू, ३१२ किलोमीटरला २१.६ लिटर गेलं, म्हणजे साडेचौदाच्या आत. डिसेंबरात पुण्याला जाऊन आलो, ५१२ किलोमीटरला २४.८ लिटर, म्हणजे साडेवीसच्या वर. दिवाळीनंतर एसी बंद असताना गावातही सोळा-सतरा मिळतं. टाकी ३२ लिटरचीच आहे, त्यामुळं गावात वापर असेल तर पंपावर वरचेवर जावं लागतं, ह्याची मला अजून सवय झालेली नाही.

१.० लिटरचं इंजिन की १.२ चं, हा प्रश्न असेल तर माझं उत्तर तुळजापूरचा घाट. नवरात्राच्या आधी पाचही जण, डिकीत आईचं ओटीचं सामान, डबे, पाण्याचा कॅन आणि एसी चालू, असं घाट चढलो. दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी व्यवस्थित चढली, कुठंही एसी बंद करावा लागला नाही. १.२ चं इंजिन चार सिलिंडरचं, ताकद ९० पीएसच्या आसपास, आणि १.० तीन सिलिंडरचं, ६७ च्या आसपास. साडूकडं १.० आहे, तो त्याच घाटात माणसं भरली की एसी बंद करतो. वापर फक्त गावातला असेल किंवा सीएनजीच पाहिजे असेल तर १.० ठीक, सीएनजी तसंही १.० लाच येतं. पण मग डिकीत सिलिंडर बसतो हे लक्षात ठेवा, कारण ह्या गाडीची डिकी ३४१ लिटरची आहे आणि आमचं अर्धं सुख त्यातच आहे. गावाकडनं ज्वारीचं पोतं उभं ठेवून आणलं मी, वर चार पिशव्या बसल्या.

हायवेचं मात्र सांभाळून. गाडी उंच आणि वजनाला हलकी, मोहोळच्या पुढं सपाट रानातनं आडवं वारं आलं की स्टेअरिंगवर कळतं, आणि शंभरच्या वर असताना शेजारनं मोठी लक्झरी गेली की गाडी थोडी हलते. नव्वदला एकदम निवांत चालते, म्हणून मी नव्वद ठरवून टाकलंय. रात्रीचं तर अजून जपून, कारण हेडलाइट हॅलोजनचे आहेत, उजेड बेताचाच. आपल्या जिल्ह्यात दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कारखाने चालू, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. टेंभुर्णीजवळ एकदा अशी ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली, मागं आई-आप्पा झोपलेले, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. त्या दिवसापासून हिवाळ्यात अंधार पडायच्या आत घर गाठतो.

आणि आता जे बोलायलाच पाहिजे ते. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेच्या २०२३ च्या टेस्टमध्ये वॅगनआरला मोठ्या माणसांसाठी एकच स्टार मिळाला आणि लहान मुलांसाठी शून्य. हे मला घेताना माहीत होतं. माझ्या गाडीत दोन एअरबॅग आहेत. मी घेतली त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच सगळ्या व्हेरिएंटला सहा एअरबॅग आल्या, त्यामुळं आता घेणाऱ्यांना हा फायदा आपोआप मिळतो, पण सेकंडहँड बघत असाल तर २०२५ च्या सुरुवातीची गाडी आणि नंतरची गाडी ह्यात हा मोठा फरक आहे, एअरबॅग मोजूनच भाव करा. आमचं बहुतेक फिरणं गावात, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, म्हणून मी ही गाडी निवडली. दर आठवड्याला पुणे-सोलापूर करणारा माणूस असता तर मी त्याला ही घे म्हणलं नसतं. मागं बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा हा आमच्या गाडीत नियम आहे, आप्पांना पटायला दोन महिने लागले, पण आता न सांगता लावतात.

पैशाचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या साइजच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ टक्क्यांवरनं १८ वर आला. मला सहा महिने थांबलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मे-जूनमध्ये आईला दवाखान्यात न्यायला गाडी लागलीच होती. रोड टॅक्स महाराष्ट्रात दहा लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, तो धरूनच बजेट करा, एक्स-शोरूम किंमत बघून घरी सांगू नका.

सर्व्हिस हजार, पाच हजार आणि दहा हजार किलोमीटरला, तिन्हीला मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे आपले. एका ठिकाणी मला न विचारता बिलात इंजिन ड्रेसिंग आणि आणखी दोन असलेच प्रकार घातले होते. मी जॉब कार्ड (गाडी देताना कामांची यादी लिहितात तो कागद) पुढं ठेवलं, ह्यातलं मी काय सांगितलं होतं ते दाखवा म्हणलं, तेव्हा सतराशे रुपये कमी झाले. गाडी देतानाच जॉब कार्डचा फोटो काढून ठेवा, नंतर वाद घालायची गरज पडत नाही.

पुढच्या महिन्यात इन्शुरन्स रिन्यू करायचाय. नव्या गाडीला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) तीन वर्षांचा असतो, ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) मात्र दरवर्षीचा, त्यामुळं आता फक्त तेवढाच भाग घ्यायचाय. शोरूममधनं आधीच दोन फोन आले, त्यांचा आकडा आणि मी स्वतः कंपन्यांकडनं काढलेला आकडा ह्यात झिरो डेप (पार्टची घसारा न कापता भरपाई) धरूनही साडेतीन हजारांचा फरक आहे. ज्यांच्या गाडीला वर्ष होत आलंय त्यांनी फोनवर हो म्हणायच्या आधी एवढं तपासून घ्या.