जुन्या फुल एचडीला २७ इंची फोर-केची जोड : शहापूरच्या डीटीपीवालीकडून

मी बेळगावात शहापूरला डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावून देते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, जत्रेची हँडबिलं. काही काम मराठी, काही कन्नड, आणि बऱ्याच पत्रिका दोन्हीत. साडेएकवीस इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके) मॉनिटर होताच, त्याच्या शेजारी २७ इंची फोर-के (३८४० बाय २१६०) आणून ठेवला.

अक्षर बघून जीव सुखावला. आठ पॉइंटात लावलेलं कन्नड ओत्तक्षर, म्हणजे अक्षराच्या पायाशी लागतं ते, जुन्या स्क्रीनवर नुसता ठिपका दिसायचं. इथं त्याचं वळणसुद्धा दिसतं. ‘सिद्धेश्वर’मध्ये द्ध पडलाय की ध्द, तेही झूम न करता कळतं. जुन्यावर इंचाला साधारण १०२ पिक्सेल, नव्यावर १६३, त्याचा हा फरक. आणि पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर खानापूरहून अख्खी भावकी दुकानात उतरते, त्यामुळं आमच्या धंद्यात ही चैन नव्हे.

डोकेदुखी आहे ती दोघांच्या जोडीत. विंडोजमध्ये नव्याला स्केल, म्हणजे अक्षरं-मेनू किती मोठे दाखवायचे ते, १५० टक्के आणि जुन्याला १०० ठेवलं की दोन्हीकडं अक्षरं जवळपास सारखी दिसतात. माउसला त्याचं काही नाही, तो पिक्सेलच मोजतो. फोर-केची उंची २१६०, फुल एचडीची १०८०. म्हणजे नव्याची निम्मी कड म्हणजे भिंतच, पॉइंटर तिथं जाऊन थडकतो. डिस्प्ले सेटिंगमधले दोन चौकोन ओढून खालच्या कडा जुळवल्या, आता टास्कबारकडून तरी सरळ जाता येतं. विंडोज ११ मध्ये कर्सर अडू नये म्हणून वेगळी सोय आहे, ती चालू केली की थडकणं थांबतं. वरखाली उडी मात्र मारतोच.

पेजमेकर ७, पानं लावायचा जुना प्रोग्रॅम, अजून सोडवत नाही, जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली त्यातच आहेत. २००१ सालच्या त्या प्रोग्रॅमला स्केल कुठलं माहीत असणार! विंडोज त्याला ताणून मोठा करतं, आणि अक्षर धुरकट होतं. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जाऊन डीपीआयची (हे ताणणं बंद करायची) सेटिंग बदलली तर अक्षर धारदार, पण मेनू मुंगीएवढे. शेवटी पेजमेकर जुन्या मॉनिटरवर, डिझाइनचं कोरलड्रॉ नव्यावर, अशी वाटणी करून टाकली.

केबलचं बघून घ्या. दुकानदारानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझ्या कॉम्प्युटरचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा, त्यावर फोर-के ३० हर्ट्झलाच चालतं, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउस ओढल्यासारखा वाटतो. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ६० मिळाले.

नवीन घेणाऱ्यांना माझं सांगणं : शेजारी फुल एचडी ठेवायचाच असेल तर २७ इंचात क्यूएचडी बघा, २५६० बाय १४४०. इंचाला १०९ पिक्सेल, दोन्हीकडं स्केल १०० टक्के, आणि पैसेही कमी. मी मात्र ओत्तक्षरापायी फोर-के सोडणार नाही.

रंग दोन्हीकडं जुळत नाहीत ते नाहीतच. एकच हळदीचा पिवळा इकडं उजळ, तिकडं मळकट. गिऱ्हाईक पत्रिका बघायला बसलं की जुना मॉनिटर मी सरळ बंद करते, नाहीतर ‘ताई, त्यातला रंग द्या’ म्हणून हटून बसतात.